तरंग डोळ्यांना दिसावा म्हणून

तरंग पुढे जातो आणि माध्यमाचे कण जागच्या जागी आंदोलन करतात, हे वाक्य माझ्या वर्गातील मुले अचूक लिहीत असत. तरीही दोरीला जोराचा झटका दिला तर तरंग लवकर पोहोचेल का, असे विचारले की जवळपास सर्वांचे उत्तर ‘हो’ येई. दोरीवर ते तपासता येईना, कारण नजर स्थिरावण्याआधीच तरंग पलीकडे पोहोचलेला असे.

म्हणून तरंगाला संथ करण्याच्या मागे मी लागलो. चार मीटर चिकटपट्टीवर दर ५ सेंटिमीटरला पेय पिण्याची एक नळी मधोमध आडवी चिकटवली, वर पट्टीचा दुसरा थर दिला आणि नळ्यांच्या दोन्ही टोकांना कागदाच्या क्लिपा अडकवल्या. पहिल्या खेपेस मध्य नीट साधला नाही, नळ्या एका बाजूला कलंडल्या आणि सारे पुन्हा करावे लागले. पट्टी ताणून दोन बाकांना बांधल्यावर मात्र टोकाच्या नळीला दिलेला हेलकावा एका नळीकडून दुसरीकडे इतक्या सावकाश जाऊ लागला की घड्याळ लावून त्याचा वेळ मोजता आला. हलका हेलकावा असो वा जोरदार, आयाम (हेलकाव्याचा आवाका) बदलला, वेळ तोच राहिला. मग अर्ध्या पट्टीवरील क्लिपा काढल्या. हलक्या झालेल्या नळ्या चटकन फिरू लागल्याने त्या भागात तरंगाचा वेग वाढला, आणि दोन्ही भागांच्या सांध्यावरून तरंगाचा थोडा अंश मागे परतला. परावर्तनाचा हा पुरावा मला फार मोलाचा वाटतो, कारण तो मुलांनी मी सांगण्याआधीच टिपला होता.

ध्वनीचा वेग मोजण्यासाठी पाण्याने भरलेल्या उंच पिंपात नळ उभा धरून त्याच्या तोंडाशी ५१२ हर्ट्झचा नादकाटा, म्हणजे सेकंदाला ५१२ कंपने करणारा धातूचा दुबेळका, वाजवला. नळ वर उचलत असता पाण्यावरील हवेचा स्तंभ १५.९ सेंटिमीटर झाला तेव्हा आवाज एकाएकी मोठा झाला. ही लांबी तरंगलांबीच्या चतुर्थांशाइतकी धरून वेग सेकंदाला ३२६ मीटर, म्हणजे अपेक्षेपेक्षा कमी आला आणि मुले खट्टू झाली. दुसरा अनुनाद, म्हणजे आवाज पुन्हा तसाच मोठा होणे, ४९.२ सेंटिमीटरवर मिळाला; दोहोंतील फरक, म्हणजे अर्धी तरंगलांबी, घेतल्यावर उत्तर ३४१ मीटर आले. वजाबाकीत नाहीशी झालेली चूक नेमकी कुठे होती, हे शोधताना एका मुलीने नळाच्या उघड्या तोंडाबाहेरची हवाही हलत असेल, असे सुचवले. टोकदुरुस्तीचे, म्हणजे या बाहेरच्या हवेची भर स्तंभाच्या लांबीत धरण्याचे, सूत्र मी त्यानंतरच फळ्यावर लिहिले.