आधी स्क्रूड्रायव्हर, मग बूस्ट, शेवटी पिकअप

स्ट्रॅटोकास्टर या इलेक्ट्रिक गिटारच्या ब्रिज पिकअपचा (ब्रिजजवळच्या, तारांची कंपनं टिपणाऱ्या चुंबक-कॉइलचा) आवाज पातळ आणि बोचरा लागतो, ही तक्रार नेहमीची. त्यावर ‘हॉट पिकअप (जोरदार सिग्नल देणारा) टाक’ हा सल्लाही नेहमीचा, आणि बहुतेक वेळा घाईचा. बूस्ट पेडल सिग्नलला जोर देतं. पिकअप आवाजाचा पोत ठरवतो. जोर कमी पडतोय की पोतच नको आहे, हे ओळखल्याशिवाय खिशात हात घालू नये.

त्याआधी पिकअपची उंची बघा, कारण तिला एक पैसा लागत नाही. जाड तार शेवटच्या फ्रेटवर दाबून धरा आणि तारेच्या खालच्या कडेपासून चुंबकाच्या माथ्यापर्यंतचं अंतर मोजा. साध्या सिंगल कॉइल (एका कॉइलच्या) पिकअपला जाड तारेखाली २.४ मिमी आणि बारीक तारेखाली २ मिमी ही चांगली सुरुवात. हमबकरला (दोन कॉइलच्या पिकअपला) ब्रिजजवळ १.६ आणि नेकजवळ २.४ मिमी. मग अ‍ॅम्प क्लीन ठेवून दोन्ही पिकअप आलटून पालटून वाजवा आणि नेकचा आवाज ब्रिजइतका होईपर्यंत नेक खाली घ्या. जोर मिळावा म्हणून सिंगल कॉइल तारांना चिकटवत नेला की चुंबक तारेला ओढतो. मग जाड तारेवर १२व्या फ्रेटपुढे सूर डगमगतो आणि ट्यूनरही स्थिर राहत नाही. अशा वेळी ब्रिजचं इंटोनेशन (तारेची लांबी जुळवणारे स्क्रू) फिरवत बसू नका, पिकअप खाली करा.

आता बूस्ट. ६ डेसिबल म्हणजे सिग्नलचा व्होल्टेज दुप्पट. एमएक्सआर मायक्रो अ‍ॅम्प २६ डेसिबलपर्यंत जातं, म्हणजे जवळपास २० पट. पण हा जोर कुठे घालता यावर सगळं अवलंबून आहे. अ‍ॅम्प आधीच फुटत (डिस्टॉर्ट होत) असेल आणि बूस्ट त्याच्या तोंडाशी, म्हणजे इनपुटला असेल, तर डिस्टॉर्शन आणि सस्टेन वाढतो, आवाज जेमतेम वाढतो. सोलोच्या वेळी बूस्ट दाबूनही गिटार बँडमध्ये बुडते ती यामुळेच. सोलो वर काढायचा असेल तर बूस्ट डिस्टॉर्शन पेडलच्या नंतर, किंवा डिस्टॉर्शन अ‍ॅम्पचंच असेल तर त्याच्या इफेक्ट्स लूपमध्ये (प्रीअ‍ॅम्प आणि पॉवर अ‍ॅम्प यांच्या मधल्या जोडणीत) लावा. तिथे ३-४ डेसिबल पुरतात. मात्र पॉवर अ‍ॅम्पच शेवटच्या टोकाला पोचला असेल तर तिथेही काही हाती लागत नाही.

तोंडाशी लावायच्या बूस्टमध्येही जाती आहेत. ट्यूब स्क्रीमर हे ओव्हरड्राइव्ह पेडल ७२० हर्ट्झच्या खालच्या भागाला कमी गेन (वाढ) देतं. म्हणून ड्राइव्ह शून्यावर, लेव्हल पूर्ण आणि टोन मध्यावर ठेवून ते हाय-गेन अ‍ॅम्पच्या आधी लावलं की खर्जाचा चिखल निघून जातो आणि पाम म्यूट (तळहाताने तारा दाबून वाजवलेला सूर) घट्ट वाजतो. साठच्या दशकातल्या डॅलस रेंजमास्टरची तऱ्हा वेगळी. एकच जर्मेनियम ट्रान्झिस्टर, ओसी४४, आणि इनपुटला जेमतेम ०.००५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, त्यामुळे खर्ज आत शिरतच नाही. आयरिश गिटारवादक रोरी गॅलाघरने हेच स्ट्रॅट (स्ट्रॅटोकास्टर) आणि व्हॉक्स एसी३० अ‍ॅम्प यांच्या मधे लावलं. घरी असं सर्किट बांधत असाल तर कपॅसिटर ०.०१ केलात की आवाज भरतो. दोन पथ्यं मात्र पाळा: हे पेडल गिटारनंतर पहिलंच हवं, त्याच्या आधी बफर (सिग्नल सांभाळून पुढे देणारं सर्किट) नको, आणि मूळ पद्धतीचं पॉझिटिव्ह ग्राउंड (सप्लायचं धन टोक ग्राउंडला असलेलं) सर्किट बाकीच्या पेडल्सच्या सामायिक सप्लायवर कधीच जोडू नका, सप्लाय शॉर्ट होतो. त्याला वेगळी बॅटरी द्या.

इतकं करूनही पोत पटत नसेल, तर पिकअपकडे वळा. कॉइलच्या तारेचा रोध हा आकडा सगळे बघतात, पण खरा खेळ इंडक्टन्सचा (कॉइलच्या, हेन्रीत मोजल्या जाणाऱ्या गुणाचा) आहे. पिकअपची कॉइल आणि केबलची कपॅसिटन्स मिळून एक शिखर, म्हणजे सर्वांत उठून येणारी फ्रिक्वेन्सी, तयार होतं. कपॅसिटन्स ७०० पिकोफॅरड धरा (साधारण ६ मीटर केबल). मग २.४ हेन्रीच्या स्ट्रॅट पिकअपचं शिखर ३९०० हर्ट्झच्या आसपास येतं, ४.४ हेन्रीच्या जुन्या ढंगाच्या हमबकरचं २९००, आणि ८ हेन्रीच्या हॉट हमबकरचं २१००. म्हणजे हॉट पिकअप जोर देताना वरची झळाळी कायमची काढून घेतो. बूस्ट पायाने बंद करता येतो, पिकअप नाही.

पॉटही (व्हॉल्यूम-टोनच्या नॉबखालचा बदलता रोध) तितकाच महत्त्वाचा. हमबकरला ५००के (किलोओम), सिंगल कॉइलला २५०के. स्ट्रॅटमध्ये हमबकर टाकून जुने २५०के पॉट ठेवले की आवाज दबतो, आणि दोष पिकअपच्या माथी जातो. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात पॉट घेताना ‘ए’ छापलेला, म्हणजे लॉग, मागा. व्हॉल्यूमला ‘बी’, म्हणजे लिनिअर, घेतलात तर नॉब उतरवताना बराच वेळ आवाज पडल्यासारखाच वाटत नाही.

बसवताना आधी वायरिंगचा फोटो काढा. बॉडीवर कापड टाका, सोल्डरचा थेंब पॉलिश जाळतो. पॉटच्या पाठीला सँडपेपर मारा आणि किमान ४० वॅटचं सोल्डरिंग आयर्न वापरा. २५ वॅटचं लहान आयर्न पाठ तापवायला फार वेळ घेतं. तोवर पॉट आतून भाजतो आणि जोड तरीही राखाडी, खरबरीत आणि कच्चा राहतो. सीमोर डंकन कंपनीच्या पिकअपमध्ये काळी वायर हॉट (सिग्नलची), लाल-पांढरी एकत्र जोडून टेप, हिरवी आणि उघडी ग्राउंडला. डिमार्झिओ कंपनीच्या पिकअपमध्ये लाल हॉट, काळी-पांढरी एकत्र, हिरवी आणि उघडी ग्राउंडला. या दोन रंगसंगतींची सरमिसळ ही सर्वांत जास्त होणारी चूक.

तारा चढवण्यापूर्वी केबल लावा, व्हॉल्यूम १० वर ठेवा आणि तिच्या मोकळ्या प्लगच्या टोकापासून (टिप) बाहीपर्यंत (स्लीव्ह) मल्टिमीटरने रोध मोजा. ८के पिकअप ५००के पॉटमागून ७.९के दाखवतो, शून्य आलं तर कुठेतरी शॉर्ट आहे, आणि ५००के आलं तर पिकअपची वायर तुटलेली आहे. दोन पिकअप एकत्र वाजवताना आवाज नाकातून आल्यासारखा, पोकळ लागला तर ते उलट्या फेजमध्ये आहेत. चार वायरींचा असेल तर एकाच पिकअपची हॉट आणि ग्राउंड वायर अदलाबदल करा, उघडी वायर ग्राउंडलाच ठेवा. जाळीदार एकाच वायरचा असेल तर हे करू नका: जाळी आणि धातूचं कव्हर दोन्ही हॉट होतात आणि हात लागला की भुणभुण सुरू होते.