मालवणच्या खडपातलं पाणी : आता अल्कलिनिटी

मालवणच्या खडपात ओहोटीला मागे राहणाऱ्या डबक्यातलं पाणी आणून मी घरी मोजतो. नुसत्या पीएचवरून त्या पाण्यातल्या कार्बनचा हिशेब लागत नाही. पीएच, अल्कलिनिटी (पाणी किती आम्ल पचवू शकतं त्याचं माप), एकूण अकार्बनी कार्बन आणि कार्बन डायऑक्साइडचा दाब, या चारांतले दोन हाती असले की खारेपणा आणि तापमान घालून उरलेले दोन काढता येतात. म्हणून सध्या सगळा जोर अल्कलिनिटीवर.

मत्स्यालयवाल्यांच्या केएच किटमध्ये, म्हणजे अल्कलिनिटी आम्लाच्या थेंबांनी मोजायच्या संचात, एक थेंब म्हणजे अर्धा डीकेएच (त्यांचं अल्कलिनिटीचं एकक), लिटरमागे जवळपास १८० मायक्रोमोल. समुद्राची अख्खी अल्कलिनिटीच २३०० च्या आसपास! तेव्हा आता आम्ल थेंबांनी मोजत नाही, तोलतो. सिरिंजमध्ये ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल, त्यात समुद्राइतकं मीठ, आणि मिलिग्रॅम दाखवणारा काटा. १०० ग्रॅम पाण्याला साधारण २.३ ग्रॅम आम्ल जातं, म्हणजे काट्यावरचा एक मिलिग्रॅम किलोमागे १ मायक्रोमोलला पडतो. पीएच साडेतीनपर्यंत उतरवायचा, ढवळून कार्बन डायऑक्साइड घालवायचा, मग पुढच्या वाचनांवरून ग्रॅन आलेख, म्हणजे सरळ रेष मागे वाढवून अल्कलिनिटी नेमकी किती आम्लाला संपली ते शोधायची रीत. एकाच बाटलीतले नमुने आता १० मायक्रोमोलच्या आत जुळतात. आम्लाची ताकद वाळवलेल्या सोडियम कार्बोनेटवर तपासली आहे. अमेरिकेतल्या स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेचं, अल्कलिनिटी आधीच ठरवलेलं प्रमाणित समुद्रपाणी मिळालं तर खरी परीक्षा. नमुना टिकवायला मर्क्युरिक क्लोराइड वापरतात, पण ते विष घरात नको. आणलेलं पाणी त्याच दिवशी मोजायचं.

पीएचचं इलेक्ट्रोड ७ आणि १० च्या बफरवर (ठरलेल्या पीएचच्या द्रावणावर) नाही, कृत्रिम समुद्रपाण्यात केलेल्या ट्रिस नावाच्या बफरवर लावतो. वाचन २५ अंशांवरच, कारण एका अंशाला ०.०१५ चा फरक पडतो. हवाईजवळच्या अलोहा स्थानकावर पीएच वर्षाला ०.००२ च्या आसपास घसरतो. माझी अचूकता फार तर ०.०२. त्यामुळे डबक्याच्या आकड्यांवरून ‘समुद्र आम्ल झाला’ असं कुणी म्हणू लागलं तर मी तरी मान डोलावणार नाही. पावसाळ्यात तर किनाऱ्यालगत वरच्या थरात पावसाचं पाणी मिसळतं, खारेपणाबरोबर अल्कलिनिटीही उतरते.

डबक्यातला दिवस-रात्रीचा फरक मात्र आवाक्यातला. दुपारी शेवाळ कार्बन डायऑक्साइड ओढतं, पीएच चढतो. रात्री श्वसनाने उतरतो. अल्कलिनिटी या दोन्हींत फारशी हलत नाही. ती हलली, तर शिंपल्यांचं कवच घडतंय किंवा विरघळतंय असा संशय घ्यायचा: एक मोल कॅल्शियम कार्बोनेट विरघळलं की अल्कलिनिटी दोनाने वाढते.

भांगाला (अष्टमीच्या आसपासच्या लहान भरती-ओहोटीला) ओहोटी दुपारच्या सुमारास येते, तेव्हाचं पाणी मोजून झालं. उधाणाला (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरती-ओहोटीला) ती पहाटे येते. पुढची बाटली त्या वेळची, त्याच डबक्यातली, कालवांच्या बाजूची. सोबत खारेपणाही नोंदवणार.