पाय बुडाल्यावर

आज सोलापुरात उपासनेत बायबलमधलं यहोशवा 3 वाचलं, तेव्हापासून ते याजक, म्हणजे इस्राएल लोकांचे पुरोहित, डोळ्यांसमोरून हलत नाहीत. सगळ्या लोकांना नदी पार करायची होती. कापणीचे दिवस, यार्देन नदी दुथडी भरलेली. उजनीतून पाणी सोडल्यावरची भीमा ज्यांनी पाहिलीय त्यांना वेगळं सांगायला नको. याजकांच्या खांद्यावर कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्या असलेली पवित्र पेटी. त्यांचे पाय पाण्यात बुडाले तेव्हाच प्रवाह थांबला, आणि तोही वरच्या बाजूला, लांब आदाम गावाजवळ! काठावरून ते दिसणार तरी कसं?

पण हा आंधळेपणा नव्हता, देवाची आज्ञा होती. लोकांनी आधी तीन दिवस मुक्काम केला, स्वतःला पवित्र केलं, कोशापासून दोन हजार हात, म्हणजे साधारण 900 मीटर अंतर राखलं, कारण वाट नवी होती. बायबलच्याच गणना 14 मध्ये त्यांच्याच आईबापांनी उलट केलं. देव नको म्हणत असताना, कोश छावणीतच ठेवून डोंगर चढले आणि होर्मा नावाच्या ठिकाणापर्यंत मार खाल्ला. धाडस होतं, आज्ञा नव्हती.

आपलंही तसंच आहे. मापात पाप न करता धंदा करायचा म्हटलं की परवडणार नाही ही भीती असतेच. त्यासाठी देवाकडे वेगळी खूण मागत बसू नये. खरा तराजू, खरी वजनं ही आज्ञा लेवीय 19:36 मध्ये आहेच.

याजक तर सगळे पार होईपर्यंत नदीच्या मधोमध उभे राहिले. पहिल्या पावलापेक्षा मला तेच जास्त अवघड वाटतं.