क्षमताधिष्ठित प्रश्नपत्रिका आणि जुना संविधान तक्ता: माझा अनुभव

मी राज्य मंडळाच्या शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये आलं, 2023 मध्ये शालेय शिक्षणाचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला, पाठोपाठ आमची प्रशिक्षणं झाली. टाचणात अध्ययन निष्पत्ती (पाठ झाल्यावर मुलाला काय यायला हवं ते) लिहिणं, गटकार्य, प्रकल्प हे सगळं अंगवळणी पडलं. गाडी अडली ती दहावीच्या सराव परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेवर. त्याचा राग अजून गेलेला नाही.

विज्ञान भाग 1, 40 गुण. ‘विद्युतधारेचे परिणाम’ या पाठावर मी ‘विद्युतशक्तीचे सूत्र लिहा’ हा नेहमीचा प्रश्न काढून टाकला आणि हा घातला: एक पंखा 75 वॅटचा, दुसरा 28 वॅटचा. रोज 8 तास, महिन्याचे 30 दिवस चालतो. दुसरा पंखा 1500 रुपयांनी महाग आहे. वीज 8 रुपये युनिट. कोणता घ्याल, का?

पहिल्याला महिन्याला 18 युनिट लागतात, दुसऱ्याला 6.72. महिन्याला साधारण 90 रुपये वाचतात, म्हणजे जास्तीचे पैसे सतराव्या महिन्यात वसूल होतात. सूत्र पाठ असून भागत नाही, ते कुठे वापरायचं हे मुलांनाच ठरवावं लागतं. क्षमताधिष्ठित प्रश्न म्हणजे हेच.

संस्थेच्या परीक्षा विभागातून संविधान तक्ता (प्रश्नपत्रिकेत कोणत्या उद्दिष्टाला किती गुण हे दाखवणारा आराखडा) मंजूर झाल्याशिवाय आमची प्रश्नपत्रिका छपाईला जात नाही. तक्त्यात रकाने तेच जुने: ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य. माझा प्रश्न त्यांतल्या तीन रकान्यांत बसत होता, म्हणून मी गुण वाटून लिहिले. तक्ता परत आला, शेरा होता ‘उद्दिष्ट निश्चित करावे’. उपयोजनात टाकला, तर ‘उपयोजनाचा भारांश वाढला’, म्हणजे त्या रकान्याचा गुणांतला वाटा वाढला. मग ‘आदर्श उत्तर एकच असावे’. प्रशिक्षणात सांगायचं की मुलाला विचार करू द्या, आणि तक्त्यात त्या विचाराला जागाच ठेवायची नाही! तिथल्या माणसांशी माझं वैर नाही. फॉर्म त्यांनाही वरूनच आलेला. पण तो बदलायची जबाबदारी कुणीच घेत नव्हतं आणि परीक्षेची तारीख जवळ येत होती. शिपायाच्या हातून ती फाइल परत आलेली दिसली की माझं वर्गात लक्ष लागेना.

शेवटी वाट सापडली ती अशी. प्रश्नाचे अ, आ, इ असे उपप्रश्न केले: युनिट काढा, बचत काढा, निर्णय घेऊन कारण द्या. प्रत्येकाला एकच उद्दिष्ट दिलं, त्यामुळे रकाने भरले. आदर्श उत्तराऐवजी गुणदानाचे निकष वेगळ्या कागदावर जोडले: निर्णय कोणताही असो, आकडेमोडीवर आधारलेलं कारण असेल तर पूर्ण गुण. शिवाय मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र दिलं की, हरकत असल्यास कोणत्या नियमानुसार ते लेखी कळवावं. हे पत्र पहिल्या फेरीतच द्या, तोंडी बोलण्यात आठवडे जातात. मंजुरी आली तेव्हा मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना पेढे वाटले.

हो, मुलांची तयारी आधीपासून करून घ्या, हे वर सांगायचं राहिलं. पहिल्यांदा असा प्रश्न फळ्यावर लिहिला तेव्हा वर्गातून एकच आवाज, “मॅडम, सूत्र कुठलं वापरायचं ते सांगा ना!” घटक चाचणीत असा एक तरी प्रश्न असला की ही भीती जाते.

सराव परीक्षेत एका मुलीनं लिहिलं की आमच्याकडे पंखा फक्त उन्हाळ्याचे चार महिने लागतो, मग पैसे वसूल व्हायला चार वर्षांहून जास्त लागतील, म्हणून मी स्वस्त पंखा घेईन. एकाच आदर्श उत्तराचा हट्ट मान्य केला असता तर तिचे गुण गेले असते. मी पूर्ण दिले, आणि ते देताना मला फार अभिमान वाटला.

पालकसभेत ‘बोर्डात असले प्रश्न येतात का’ असं हमखास विचारतात. सीबीएसईनं नववी-दहावीत निम्मे गुण क्षमताधारित प्रश्नांना दिले आहेत आणि मुलांच्या क्षमता देशभर तपासणाऱ्या 4 डिसेंबर 2024 च्या पारख राष्ट्रीय सर्वेक्षणात नववीची मुलं होती, एवढं सांगितलं तरी पालक ऐकतात. त्या सभेला मुलांच्या उत्तरपत्रिकांच्या झेरॉक्स न्या, नावं झाकून. आणि मंजूर झालेल्या तक्त्याची प्रत शेजारच्या शाळेतल्या विज्ञान शिक्षकाला नक्की द्या. मी तीन शाळांना दिली आहे.