कवडी चावती

परवा भर दुपारी लाईट गेली, कूलर बंद पडला आणि त्या शांततेत गॅलरीतलं शिंपल्यांचं झुंबर एकदम खुळखुळलं. वहिनींनी मालवणहून आणलंय. पाण्याने झिजलेली एक वाकडी फांदी, तिला नायलॉनच्या दोऱ्यांनी बांधलेले शिंपले, मधेच एखादा शंख. हाताने केलेलंय, साडेचारशेला पडलं, असं त्यांनी तीनदा सांगितलं. म्हटलं चला, लातुरात समुद्र आला एकदाचा.

पण प्रत्येक शिंपल्याचं भोक कसं अगदी सारखं, गोल. आमचं एकही तसं पडलं नव्हतं.

आठवीच्या सहलीत गणपतीपुळ्याला पहिल्यांदा समुद्र बघितला, म्हणजे बघितला कसला, बाकीचे लाटांत ओरडत होते आणि मी खाली मान घालून वाळू उपसत होते. दशम्यांचा रिकामा डबा शिंपल्यांनी गच्च भरला. सोलापूर यायच्या आत अख्खी एसटी नाक धरून बसली, कारण एकदोन शंखांत रहिवासी अजून घरीच होते, हे आम्हा कोरडवाहू लोकांना कोण सांगणार! आईने तो डबा परत घरात घेतलाच नाही. गच्चीवर आठ दिवस उन्हात वाळवून मी माळ करायला बसले, गॅसवर सुई लाल करून टोचली, तर कधी सुई वाकायची कधी शिंपला फुटायचा.

आजी बघत होती. आजी आराधीण, म्हणजे तुळजाभवानीची भक्तीण, मंगळवारी परडी घेऊन पाच घरी जोगवा मागायची. तिची कवड्यांची माळ पत्र्याच्या पेटीत असायची, लहानपणी मी एकदा पेटी उघडली तर मागून आवाज, "कशाला हात लावलालीस गं? कवडी चावती." खरंच कवडी पालथी केली की दात दिसतात ना, मी कितीतरी वर्षं घाबरून होते.

त्या दिवशी मात्र तिने स्वतःहून माळ काढून माझ्या मांडीवर ठेवली. कवडीची फुगीर पाठ दगडावर घासून उघडी केलेली, दोरा आतून सरळ पार. सुई नाही, विस्तव नाही. "टोचू नको, घासत बस," एवढंच म्हणाली. मी दोनच शिंपले घासले आणि कंटाळले, ती गोष्ट वेगळी.

आता वाटतं, ह्या कवड्या तुळजापूरपर्यंत आल्या कशा? आमच्या मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांपैकी एकालाही किनारा नाही. पूर्वी मालदीवहून जहाजं भरून कवड्या निघायच्या, त्यांच्यावर बाजार चालायचे, ती फुटकी कवडी अजून आपल्या तोंडात आहेच. आणि आपलं धाराशिवजवळचं तेर, जुनं तगर, तिथला माल दोन हजार वर्षांपूर्वी गाड्यांवर लादून पैठणवरून भडोच बंदराला जायचा. म्हणजे समुद्राशी सोयरीक जुनीच. वहिनींचे साडेचारशे उगाच गेले म्हणायचे.

2016 च्या एप्रिलमधे दुष्काळात लातूरला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. आजी होती तेव्हा. टीव्हीवर गाडी स्टेशनात शिरताना दिसली तशी ती खाटेवरून उठली, पेटीतून माळ काढून गळ्यात घातली आणि टीव्हीपुढं हात जोडून उभी राहिली. आम्ही कुणीच हसलो नाही.

झुंबर टांगलंय ते बरोबर निळ्या ड्रमच्या वर. नळाचा आज सहावा दिवस.