हशाआधीची शांतता कापू नका

"कार्यक्रम तोच हाय की ओ, पण हसूच येईना." सोलापूरच्या बाळीवेशीतल्या एका काकांनी पेन ड्राइव्ह माझ्या काउंटरवर ठेवला. आकाशवाणीवर लागलेलं विनोदी कथाकथन त्यांनी पूर्वी टू-इन-वनवर, म्हणजे रेडिओ आणि कॅसेट एकत्र असलेल्या यंत्रावर, सी-60 कॅसेटमध्ये भरून ठेवलं होतं आणि मध्यंतरी कुठेतरी त्याची एमपी3 करून घेतली होती. नशिबाने मूळ कॅसेट त्यांनी टाकली नव्हती.

सी-60च्या एका बाजूवर 30 मिनिटं मावतात. बाजू शेवटपर्यंत भरलेली होती, फाइल मात्र 26 मिनिटांतच संपत होती. वेग वाढवला म्हणावं तर आवाजाची पट्टी तीच, आणि शब्द एकही गाळलेला नाही. गेल्या होत्या त्या थांबण्याच्या जागा.

घडलं असं, की आधी खरखर काढायचा फिल्टर पूर्ण ताणला, त्यामुळे वाक्यांमधल्या जागा ठार शांत झाल्या. मग शांतता आपोआप आखडणाऱ्या सोयीने त्या सगळ्या टिपल्या. भाषणात हे खपून जातं. कथाकथनात मात्र कथाकार शेवटच्या वाक्याआधी सेकंद-दीड सेकंद थांबतो, तेवढ्यात ऐकणारा पुढचं मनाशी ठरवून बसतो, आणि ते खोटं ठरतं तेव्हा हसू फुटतं. त्या दीड सेकंदाशिवाय उरते ती नुसती माहिती. शिवाय हशा हा आवाजाच्या दृष्टीने खरखरीसारखाच सगळ्या पट्ट्यांवर पसरलेला असतो. फिल्टरला दोन्हींतला फरक कळत नाही, म्हणून विरत जाणारा हशा पाण्यात बुडाल्यासारखा येतो.

काम मुळापासून करावं लागलं. सोलापूरच्या उन्हाळ्यात कॅसेटमधल्या फेल्ट पॅडचा, म्हणजे टेपला मागून दाबून धरणाऱ्या छोट्या गादीचा, डिंक वाळतो आणि पॅड गळून पडतं. मग टेप तिच्यावरचा आवाज वाचणाऱ्या हेडला नीट टेकत नाही, 'स' आणि 'श' बोथट होतात. इथे तेच झालं होतं. पाच स्क्रूंची कॅसेट असल्याने खोलणं सोपं गेलं; कोऱ्या कॅसेटमधली पत्ती पॅडसकट काढून बसवली. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं. टेप एकदा पूर्ण पुढे-मागे गुंडाळून घेतली, कारण वर्षानुवर्षं उष्णतेत पडून राहिलेल्या टेपवर शेजारच्या वेढ्यातला आवाज उमटतो आणि वाक्य येण्याआधीच त्याची पुसट चाहूल लागते. विनोदाला यासारखं घातक काही नाही. नंतर हेडशेजारचा छोटा स्क्रू 'स' धारदार ऐकू येईपर्यंत केसभर फिरवला.

डेकची, म्हणजे कॅसेट वाजवणाऱ्या यंत्राची, तार संगणकाच्या लाइन-इनमध्येच घालावी. माइकच्या भोकात घातली तर आवाज फाटतो. पातळी बोलण्यावर न ठरवता सर्वांत मोठ्या हशावर ठरवायची, तो उणे 6 डेसिबलच्या वर जाता कामा नये. 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, मोनो वेव्ह फाइल 30 मिनिटांना सुमारे 260 एमबी होते. ती मूळ प्रत म्हणून जपायची, ऐकायला वेगळी एमपी3.

खरखर फक्त 6 ते 8 डेसिबल कमी केली. थोडी उरली, आणि ती उरायलाच हवी, कारण ती पूर्ण काढली तर भरलेल्या सभागृहाची चाहूलही तिच्याबरोबर जाते. हशा आणि टाळ्या हाताने चार-पाच डेसिबल खाली घेतल्या, म्हणजे हळू आवाजात टाकलेलं वाक्य ऐकण्यासाठी काकांना आवाज वाढवावा लागणार नाही आणि पुढच्या हशाने दचकायलाही होणार नाही.

घरी ऐकताना स्पीकर भिंतीच्या कोपऱ्यात ठेवू नये, खर्ज फुगतो आणि व्यंजनं दबतात. मोबाइलच्या ॲपवर विनोदी ऑडिओबुक ऐकणाऱ्यांनीही सेटिंगमध्ये एकदा पाहावं: शांतता वगळण्याची सोय अनेक ॲपमध्ये असते, ती बंद आणि वेग 1. काकांच्या नातवाच्या मोबाइलवर दोन्ही उलटं होतं. ते तिथेच बदलून दिलं.