आमची वाटचाल : जाळी लावण्याआधी

नर्सरीची सहा तळी, एक पॅकिंग शेड आणि माझ्यासकट पाच माणसं, एवढीच आमची फर्म. भाताच्या खाचरात सोडायचं मत्स्यबीज, म्हणजे माशांची पिल्लं, वाढवायचं आणि शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोचवायचं, हा आमचा धंदा.

पहिल्या हंगामात आम्ही दीड-दोन सेंटिमीटरचं बीज विकलं. सायप्रिनस आणि रोहू या जातींचं, पिशव्या भरभरून. स्वस्त पडायचं, म्हणून मागणीही भरपूर. कापणीआधी खाचरातलं पाणी उतरवलं तेव्हा खाचराच्या कडेला माशांसाठी खणलेल्या चरात मूठ-दोन मुठी मासे निघाले. बाकीचे बगळ्यांनी, बेडकांनी आणि मरळींनी केव्हाच संपवले होते. चूक आमची होती. तळ्यातल्या माशाला वाढायला वर्षभर मिळतं. खाचरात लावणीनंतर रोपांनी मुळं धरेपर्यंत दहा-पंधरा दिवस थांबावं लागतं, पुढे कापणीसाठी पाणी सोडून द्यावं लागतं. मधे उरतात जेमतेम तीन महिने. तेवढ्यात मासा मोठा व्हायचा तर तो खाचरात उतरतानाच बोटाएवढा हवा. आठ सेंटिमीटरच्या आतली बोटुकली द्यायची नाही, असं ठरवलं. विक्री निम्म्यावर आली. तरी ते ठरवलं याचा मला आजही आनंद आहे.

बोटुकली भरणं हे नाजूक काम. आदला दिवस तिला हाप्यात, म्हणजे तळ्यात टांगलेल्या जाळीच्या पेटीत, उपाशी ठेवतो. भरल्या पोटी पिशवीत गेली तर वाटेतच पाणी घाण करते. पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग ऑक्सिजन. खाचरावर पोचलं की पिशवी बंदच चरात तरंगत ठेवायची, आतलं-बाहेरचं पाणी सारखं कोमट होईपर्यंत. मग तोंड सोडून ओंजळ-ओंजळ खाचराचं पाणी आत घ्यायचं. शेवटी पिशवी आडवी धरायची. मासे आपले आपण बाहेर पडतात, क्षणभर घोळका करून थांबतात आणि रोपांच्या ओळीत शिरतात. हे बघायला घरातली पोरं बांधावर ओळीनं उकिडवी बसलेली असतात.

शेतकऱ्याची पहिली हरकत चराला असते. खाचराच्या कडेनं गुडघाभर-मांडीभर खोल चर खणायचा म्हणजे जवळपास दहावा हिस्सा जमीन लावणीतून जाते. तिथे मी चीनमधलं उदाहरण सांगतो. झेजियांग प्रांतातल्या छिंगथ्येन भागात भात आणि मासा शेकडो वर्षं एकत्र आहेत. 2005 मध्ये जागतिक अन्न व कृषी संघटनेनं त्या पद्धतीला जागतिक कृषी वारसा म्हणून मान दिला. तिथल्या सहा वर्षांच्या तुलनेचे निष्कर्ष 2011 मध्ये प्रसिद्ध झाले. भाताचं उत्पादन नुसत्या भाताइतकंच आलं, पण कीटकनाशक 68 टक्के आणि रासायनिक खत 24 टक्के कमी लागलं. कारण साधं आहे. मासा रोपाला धडकतो, तुडतुडे पाण्यात पडतात, मासा ते खातो.

कीटकनाशकानं मात्र आम्हाला एकदा फार दुखवलं. वरच्या खाचरात फवारणी झाली आणि पाणी बांधातल्या मोरीतून खाली आलं. पहाटे पोचलो तर मासे पृष्ठभागावर तोंड उघडून धापा टाकत होते. ऊन वर येईतो पांढरी पोटं दिसू लागली. तेव्हापासून एकट्या खाचराला आम्ही बीज देत नाही. एका पाण्यावरची सगळी खाचरं फवारणीचं वेळापत्रक एकत्र ठरवणार असतील तरच देतो.

पण आमचा धंदा खऱ्या अर्थानं बदलला तो एका बाईंमुळे. त्यांना स्वतःची जमीन नव्हती. बीज पळू नये म्हणून आम्ही सगळ्या मोऱ्यांना बारीक जाळी बसवली होती. त्या म्हणाल्या, ‘‘दादा, तुमचे मासे आत राहिले, पण आमचे बाहेर राहिले. आता पोरांच्या ताटात काय घालू?’’ पहिल्या पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यातून खाचरात शिरणारे ते चढणीचे मासे. त्यांच्यावर कुणाची मालकी नसते, म्हणूनच भूमिहीन घराला ते मिळतात. शिवाय हे बारके मासे डोक्या-काट्यासकट खाल्ले जातात. डॉ. शकुंतला थिलस्टेड यांनी बांगलादेशातल्या मोला माशावर केलेल्या कामातून दाखवलं, की अशा एवढ्याशा माशात अ जीवनसत्त्व किती भरलेलं असतं. 2021 चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला. आम्ही विकत होतो त्या माशापेक्षा आम्ही अडवत होतो तो मासा त्या घराला जास्त गरजेचा होता. ही गोष्ट मला आधी सुचायला हवी होती.

आता मोरीची जाळी आम्ही बीज सोडायच्या आदल्या दिवशीच बसवतो. थोड्या मरळी आत येतात, येऊ देत. पहिल्या पावसात येणाऱ्या लहान मरळीला आमची आठ सेंटिमीटरची बोटुकली सहसा गिळवत नाही. कंबोडियात गावं एक खोल तळं राखून ठेवतात, तिथे मासेमारी बंद. कोरड्या दिवसांत मासा तिथे जगतो आणि पावसात पुन्हा खाचरात पसरतो. तसा एक डोह आमच्या गिऱ्हाईक शेतकऱ्यांनी मिळून खोल केला. खोदाईच्या खर्चातला वाटा आम्ही उचलला.

गेल्या उन्हाळ्यात त्या डोहात छातीइतकं पाणी टिकलं. पहिला मोठा पाऊस झाला त्या सकाळी आम्ही मोऱ्यांची मापं घ्यायला गेलो होतो. पाण्याच्या धारेविरुद्ध बारके मासे उड्या मारत वर चढत होते. त्या बाई टोपली घेऊन खालच्या मोरीवर आधीच उभ्या होत्या. आम्ही टेप खिशात घातला आणि त्यांचं होईपर्यंत बांधावरच थांबलो.